शिकवलेलं ‘हो’

अहवाल बावन्न पानांचा होता, गुळगुळीत कागदाचा, आणि त्यात मुंगीच्या वाट्याला जेमतेम अडीच ओळी आल्या होत्या. ‘क्रमांक सतरा. उत्तरे वेळेत, परंतु असंबद्ध. जाणीवपूर्वक असहकार. आकलन वयाच्या मानाने फार कमी. स्वतंत्र निवासी शाळेची शिफारस.’

टिंबबाईंनी त्या अडीच ओळी हेडसरांच्या टेबलासमोर उभ्या उभ्या तीनदा वाचल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, पान चुकलं. दुसऱ्यांदा वाटलं, पोर चुकली. तिसऱ्यांदा मात्र त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर, हे लिहिलं कोणी?”

“संशोधन आहे ते बाई. कोणी एकट्याने थोडंच लिहिलंय?”

“दीड वर्ष ही पोर माझ्या वर्गात बसते. मला विचारलं कोणी?”

“विचारलं की. फॉर्ममध्ये चौकोन होता तुमच्यासाठी.”

होता, चौकोन होता. बोटाच्या पेराएवढा. वर छापलं होतं, ‘शिक्षकांचे निरीक्षण’. त्यात बाईंनी लिहायला घेतलं होतं, ‘दिवसातून पंधरा-वीस वेळा काही सेकंद हरवते, शब्द अर्धा टाकून थांबते आणि मग तिथूनच पुढे सुरू होते.’ मावले तीन शब्द: ‘मधूनमधून हरवते, थांबते.’ आणि त्या तीन शब्दांचं पुढे काय झालं, तर कोणीतरी त्यांच्या शेजारी ‘लक्ष कमी’ असा शिक्का मारला.

“शुक्रवारी तिच्या आईला बोलावलंय,” हेडसर म्हणाले. “सही झाली की पुढच्या महिन्यापासून तिकडे. चांगली संस्था आहे हो. महिन्यातून एकदा भेटताही येतं.”

तिकडे म्हणजे चार तासांवरच्या गावी. नऊ वर्षांची मुंगी, जिला झोपताना आईच्या ओढणीचं टोक मुठीत लागतं, ती तिकडे जाणार आणि महिन्यातून एकदा भेटणार. आणि हेडसर हे अशा सुरात सांगत होते, की जणू पोरीला बक्षीस लागलंय.

टिंबबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. शिक्षकांच्या खोलीत पाठीमागे ठेवलेलं, आणि पुढे पुढे तोंडावरही म्हटलं जाणारं. शाळेच्या टोकाला, जिथे पूर्वी खेळाचं सामान पडलेलं असे, त्या खोलीत बाईंचा वर्ग भरे. अकरा मुलं. कोणाला अक्षरं उलटी दिसत, कोणाला बोलता येत असून बोलवत नसे, कोणी दोन मिनिटं एका जागी बसलं तरी बाई मनातल्या मनात टाळ्या वाजवत. बाकीच्या शिक्षकांना ही खोली म्हणजे अडगळच वाटे, फक्त आता त्यात सामानाऐवजी मुलं होती. बाईंकडे एक जाड रजिस्टर होतं. पानावर तासांचे रकाने, आणि ज्या मुलाचं जे बघायचं ठरलं असेल त्याचं टिंब. मूल उठलं की टिंब, मूल रडलं की टिंब. बाईंचा हात शिकवता शिकवता न बघता टिंब देई.

मुंगीचं टिंब वेगळ्याच गोष्टीचं होतं. ती लहानखुरी, सरळ रेषेत चालणारी, कागदाचे कपटे वेचून दप्तरात साठवणारी पोर, म्हणून मुंगी. वाचता वाचता ती मध्येच थांबे. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडत, पेन्सिल कागदावर जिथे होती तिथेच. आठ सेकंद, दहा सेकंद. मग जणू काही झालंच नाही अशी ती पुढचं अक्षर वाची. पहिलं वर्षभर बाईंना वाटलं, स्वप्नाळू आहे. मग त्यांनी टिंबं सुरू केली, आणि पाचव्या आठवड्यात त्या हेडसरांकडे गेल्या. हिला दवाखान्यात दाखवायला हवं म्हणाल्या.

“अहो, डॉक्टरच शाळेत येतायत,” हेडसर खुशीत म्हणाले होते. “वेगळं कशाला दाखवायचं?”

आले ना डॉक्टर. मोठा दवाखाना आणि शिक्षकांना शिकवणारं कॉलेज, दोघांनी मिळून संशोधन काढलं होतं. मुलांचं लक्ष वाढवणारा एक संगणकावरचा खेळ, रोज अर्धा तास. वेगवेगळ्या शाळांतली एक्केचाळीस मुलं. खेळाच्या आधी चाचणी, खेळाच्या नंतर चाचणी, आणि मध्ये डॉक्टरांची तपासणी, प्रत्येक मुलाला बारा मिनिटं. दारात हातात स्टॉपवॉच घेतलेली एक तरुण मदतनीस उभी असे. बारा मिनिटं झाली की ती पुढच्या मुलाचा नंबर पुकारी. नाव नाही, नंबर.

अहवाल वाचला त्याच दिवशी मधल्या सुट्टीत बाई डबा न उघडता बाहेर पडल्या. मुंगीची आई दोन गल्ल्या सोडून गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कॉलर जोडायचं काम करी. दिवसभर फक्त कॉलर. बाईंना दारात बघून तिने मशीन थांबवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “पडली का?”

“पडली नाही. तुम्हाला शुक्रवारी सही करायला बोलावलंय ना?”

“हो. करायची ना बाई? एवढ्या मोठ्या लोकांनी लिहिलंय म्हणजे...” तिने बोटावरची टोपी काढून पुन्हा घातली. “तो पहिला कागद आला होता संशोधनाचा, त्यावरही केली होती. हो म्हणायचं असतं असं वाटलं.”

“ही सही करायची नाही. उद्या अर्ध्या दिवसाची रजा टाका. आपण तिघी दवाखान्यात जायचं.”

“डॉक्टर चिडले तर?”

“चिडू देत,” बाई म्हणाल्या. “मीही चिडलेय.”

डॉक्टर चिडले नाहीत, आणि त्याचाच बाईंना जास्त राग आला. उंच, सभ्य, मऊ आवाजाचा माणूस. त्याने दोघींना खुर्च्या दिल्या, मुंगीला गोळ्यांच्या कंपनीचं कॅलेंडर दिलं, आणि घड्याळाकडे अशा बेताने बघितलं की बघितलंय असं वाटू नये. कोपऱ्यात ती स्टॉपवॉचवाली संगणकाशी बसली होती.

बाईंनी रजिस्टर टेबलावर आपटलं. पेनांचा डबा हलला.

“साडेसहा महिने. एकोणीसशे बारा टिंबं. तुमच्या बारा मिनिटांना माझ्याकडे हे उत्तर आहे.”

“एका टिंबाचा अर्थ काय?”

“एका टिंबाचा अर्थ, तेवढा वेळ ही पोर इथे नव्हती.”

डॉक्टरांनी हात जुळवून टेबलावर ठेवले. “बाई, तुम्हाला फिट्स म्हणायच्या आहेत. काही सेकंद जाणीव जाते, मूल पडत नाही, थरथरत नाही, नुसतं थांबतं. अशा असतात मुलांमध्ये. मी हा विचार केला नसेल असं वाटतं तुम्हाला? पण त्या वेळात मूल प्रश्नाला उत्तर देत नाही. ही देते. चित्रफीत आहे आमच्याकडे.”

“दाखवा.”

स्टॉपवॉचवालीने पडदा वळवला. शाळेचीच खोली, मुंगी खुर्चीत, पाय जमिनीला न टेकलेले. डॉक्टरांचा आवाज: तीन आणि चार किती? सात. छान. आज वार कोणता?

मुंगी थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे पळत होते. सहा, सात, आठ. मग तिने मान वर केली, डॉक्टरांच्या ओठांकडे बघितलं, डोकं जरासं उजवीकडे कलतं केलं, आणि म्हणाली, “हो.”

“घरी कोण कोण असतं?”

पाच, सहा, सात. ओठांकडे नजर. कललेली मान. “हो.”

“दहा सेकंदांच्या आत उत्तर आलं तर प्रतिसाद आहे असं धरायचं,” स्टॉपवॉचवाली हळूच म्हणाली. “नियम आहे तसा. आणि उत्तर जुळत नसेल तर असंबद्ध.”

“आणि आठ वेळा असंबद्ध आलं,” डॉक्टर म्हणाले, “तर एक तर तिला कळत नाही, नाही तर ती थट्टा करतेय.”

घरून निघताना बाईंनी भांडणाची सगळी वाक्यं घोकून ठेवली होती, ती जागच्या जागी विरघळली. ती कललेली मान त्यांच्या ओळखीची होती. चांगलीच ओळखीची.

गेल्या वर्षीची गोष्ट. मुंगी दोन तास शेजारच्या मोठ्या वर्गात बसायला जाई, आणि तिथले गणिताचे सर तिचा कान पिरगाळून तिला बाहेर उभी करत. विचारलं की भिंतीसारखी बघत बसते, म्हणत. पोर रोज लाल कान घेऊन परत येई. बाई सरांशी भांडल्या, हेडसरांकडे गेल्या, सगळ्यांनी हो हो म्हटलं आणि कान लालच येत राहिला. तेव्हा बाईंनी आपल्या परीने तोड काढली. आठवडाभर दुसरं काही शिकवलं नाही. सगळे आपल्याकडे बघतायत असं दिसलं, की घाबरायचं नाही. विचारणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं. मान जराशी कलती करायची, म्हणजे ऐकत होतो असं वाटतं. आणि म्हणायचं, हो. मोठी माणसं लहान मुलांना जे विचारतात, त्यातल्या बहुतेकाला ‘हो’ चालतं. समजलं का? हो. अभ्यास केलास का? हो. परत करशील का? बरं, तिथे चालत नाही, पण कान तरी वाचतो.

मुंगीने ते खेळासारखं उचललं. गणिताच्या सरांची तक्रार थांबली. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत फुशारकीही मारली होती, माझी मुंगी आता उत्तरं देते म्हणून.

“ते ‘हो’ माझं आहे,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“मी शिकवलंय तिला ते. भानावर आली की काय करायचं, ते मीच शिकवलंय. तुम्ही ज्याला उत्तर म्हणता ना डॉक्टर, ते उत्तर नाही. तो मार चुकवायचा उपाय आहे.”

शेजारी मुंगीच्या आईची मान झटकन वळली. बाईंनी तिकडे बघायचं टाळलं.

डॉक्टर मागे टेकले. “हे तुम्ही आत्ता सांगताय. अहवाल गेला. आणि एका मुलीसाठी तपासणीची पद्धत बदलली, तर बाकीच्या चाळीसांचं काय करायचं?”

“खड्ड्यात गेली तुमची पद्धत!” बाईंचा आवाज एवढा चढला की बाहेरून कोणीतरी दार उघडून बघितलं. “माझं चुकलं, मी सांगते ना, माझं चुकलं! मला छापा तुमच्या अहवालात, माझ्या नावापुढे लिहा काय लिहायचं ते! पण चुकले मी आणि घर सुटणार हिचं? तुम्हाला बारा मिनिटांत कळलं ही खोटारडी आहे म्हणून, आणि मी साडेसहा महिने लिहून आणलंय ते वाचायला तुम्हाला वेळ नाही? उघडा ना ते! एक पान तरी उघडा!”

डॉक्टरांनी उघडलं. कदाचित ओरडणाऱ्या बाईला गप्प करायला उघडलं असेल. एक पान उलटलं, दुसरं, चौथं. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं. ते मागे गेले, पुढे आले, पुन्हा मागे गेले.

“गुरुवारी काय असतं?”

“काय म्हणजे?”

“प्रत्येक गुरुवारी तिसऱ्या तासाचा रकाना काळा झालाय. एरवी एखाददुसरं टिंब, आणि गुरुवारी सात, नऊ, आठ. काय करता तुम्ही गुरुवारी?”

“फुंकरीचा तास,” बाई म्हणाल्या. “दोघांचे उच्चार नीट येत नाहीत, त्यांच्यासाठी. भिंगरीवर जोरजोरात फुंकर मारायची. दोघांनाच कसं लावणार, म्हणून अख्खा वर्ग मारतो. मला वाटायचं, खेळ आहे म्हणून ही जास्त भरकटते.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. सभ्यपणा तसाच राहिला, पण त्याच्यामागचा माणूस आता घड्याळाकडे बघत नव्हता. त्यांनी स्टॉपवॉचवालीकडे बघितलं आणि तिने मान खाली घातली.

“अशा फिट्स जोरजोरात श्वास घेतला की येतात,” ते म्हणाले. “आम्ही मुद्दाम तसंच करून बघतो. तीन मिनिटं.” मग मुंगीच्या आईकडे वळून, “तिला फुंकर मारायला लावू का? चालेल?”

“हो,” आई म्हणाली, आणि लगेच, “नाही, थांबा. तिला काय होईल ते आधी सांगा. सगळं सांगा.”

डॉक्टरांनी सांगितलं. या वेळी बारा मिनिटांचा हिशेब न ठेवता सांगितलं. मग बाईंनी पिशवीतून कागदी भिंगरी काढली. ती पिशवीत नेहमीच असे.

मुंगी खूश झाली. गुरुवार नसताना भिंगरी! गाल फुगवून ती फुंकू लागली. भिंगरी भिरभिरली, लाल-पांढरी एक झाली. स्टॉपवॉचवाली पुटपुटत होती, तीस, पन्नास, साठ. सत्तराच्या आसपास भिंगरीच्या पाती वेगवेगळ्या दिसायला लागल्या. मग भिंगरी थांबली. मुंगीचे ओठ फुंकरीच्या आकारातच राहिले. पापण्या फडफडल्या.

स्टॉपवॉचवालीने नवीन आकडे मोजायला घेतले. आठ. नऊ. दहा. अकरा.

मुंगी परत आली. तिने समोर बघितलं. चार मोठी माणसं तिच्याकडे टक लावून बघत होती. विचारलं कोणीच काही नव्हतं. तिने एकेकाच्या ओठांकडे नजर फिरवली, कोणाचेच ओठ हलत नव्हते. शेवटी तिने बाईंचं तोंड निवडलं, मान उजवीकडे कलती केली, आणि अगदी नीट, शिकवल्याप्रमाणे म्हणाली, “हो.”

बाहेर बाकावर बसल्यावर मुंगीची आई बोलली. आत मेंदूचा आलेख काढायला मुंगीला नेलं होतं.

“मला का नाही सांगितलंत, तुम्ही तिला असं शिकवलंय ते?”

“मला वाटलं...”

“घरी पण करते ती. मी हाक मारते, ती थांबते आणि मग हो म्हणते. मला वाटायचं, आली माझी पोर ताळ्यावर. तुम्ही माझ्यापासूनसुद्धा लपवलंत तिला!” ती रडत नव्हती. कॉलर जोडणाऱ्या तिच्या बोटांनी बाईंचं मनगट घट्ट धरलं होतं, दुखेल इतकं. “त्या सरांचा हात धरायचा होतात ना बाई. माझ्या पोरीला कशाला शिकवलंत?”

बाईंनी मनगट सोडवून घेतलं नाही. जे डॉक्टरांना ऐकवायचं होतं त्यातलं निम्मं त्यांचंच त्यांना ऐकावं लागलं, आणि ते खरं होतं.

शुक्रवारी सही झाली नाही. गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या महिन्यात पानावर दिवसाला दोन-तीन टिंबं उरली.

महिनाभराने अहवालाची सुधारलेली प्रत आली. बाईंना वाटलं, निदान ते शब्द तरी मागे घेतले असतील. सतरा नंबर कुठेच नव्हता. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, ‘एक बालक वैद्यकीय कारणास्तव वगळले.’ आणि कमी गुणांची मुंगी यादीतून गेल्यामुळे बाकी चाळीसांची सरासरी वर सरकली होती. खेळ आधीपेक्षा जास्त गुणकारी ठरला होता. हेडसरांनी त्या ओळीखाली हिरव्या पेनाने रेघ मारली होती. आणखी सहा नंबरांपुढे ‘जाणीवपूर्वक असहकार’ तसंच होतं. बाईंनी फोन केला तर डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, काम पूर्ण झालंय, आता उघडता येणार नाही. त्या सहा मुलांच्या शाळांचे पत्ते बाईंना स्टॉपवॉचवालीने दिले, तेही आपलं नाव सांगू नका म्हणून. त्यांनी सहाही शाळांना पत्रं लिहिली आणि प्रत्येक पत्रासोबत टिंबांचं एक कोरं पान जोडलं. दोन शाळांचं उत्तर आलं.

‘हो’ शिकवायला आठवडा लागला होता. पुसायला चार महिने लागले. पोर घाबरली की ते आपसूक तोंडावर येई. बाईंनी नवं वाक्य दिलं, आणि या वेळी आईला शेजारी बसवून दिलं. मान कलती करायची नाही. ओठ बघायचे नाहीत. डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, मी नव्हते, परत सांगा.

त्यानंतरच्या सोमवारी गणिताचे सर तरातरा बाईंच्या खोलीत आले, मुंगीला दंडाला धरून.

“तुमची विद्यार्थिनी फार शहाणी झालीय! मी प्रश्न विचारला तर सगळ्या वर्गासमोर म्हणते, मी नव्हते, परत सांगा. समोर बसून म्हणते नव्हते!”

बाईंनी रजिस्टर उघडलं आणि दुसऱ्या तासाच्या रकान्यात एक टिंब दिलं. मग त्या उठल्या, सरांचा हात मुंगीच्या दंडावरून काढला, आणि तो आपल्या हातात तसाच धरून ठेवला.

“मग परत सांगितलात का?”

“काय?”

“प्रश्न. तिने परत सांगा म्हटलं ना? सांगितलात?”

सर हात ओढायला लागले. बाईंनी सोडला नाही. अकरा मुलं बघत होती, आणि मुंगी सरांच्या ओठांकडे नाही, डोळ्यांत बघत होती.

“सात आठे किती,” सर अखेर म्हणाले.

“छप्पन,” मुंगी म्हणाली.